अर्धा तास आधी काही ओढू नये

९ फेब्रुवारी

मामा,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. डिसेंबरमध्ये आमच्या प्रयोगशाळेत तपासणीचं नवं किट आलं. किडनी देणारा आणि घेणारा एकमेकांशी जुळतात का, हे आम्ही त्यावर बघतो.

२. नवं किट रुग्णांसाठी वापरण्याआधी पारखून घ्यावं लागतं. त्यासाठी एकाच कुटुंबातल्या माणसांची थुंकी लागते, कारण मुलाचा अर्धा भाग आईशी जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर किट चुकतंय असं समजायचं.

३. मी चार नळ्या घेतल्या: आजीची, आईची, तुझी आणि माझी. आजीची आणि तुझी तुमच्या घरून पोस्टाने आली. रिकाम्या नळ्यांसोबत मी सूचनांचा कागद पाठवला होता.

४. १९ जानेवारीला निकाल हाती आले. ते मी आईला फोनवर सांगितले. सांगायला नको होते.

५. मी म्हणाले होते, तपासलेल्या तिन्ही जनुकांच्या जागी मामाचे दोन्ही संच वेगवेगळे आहेत, फुप्फुसाच्या दृष्टीने हे जरा बरं. आईने तुला सांगितलं, तुला फुप्फुसाचं काही होत नाही, पोरगी म्हणाली.

६. डॉक्टरांनी तुला २ फेब्रुवारीला छातीचा स्कॅन करायला सांगितलं होतं. तू ती वेळ रद्द केलीस.

७. हे मला काल मामीकडून कळलं.

आता पाचव्या मुद्द्याबद्दल. आपल्या काही पेशींच्या अंगावर अशी प्रथिनं असतात, जी आतल्या-बाहेरच्या कचऱ्याचे बारीक तुकडे वर धरून दाखवतात. पहारा करणाऱ्या पेशी ते बघतात आणि तुकडा घरचा आहे की परका, की घरचाच पण बिघडलेला, हे ठरवतात. ही प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. दोन्ही वेगळे असले तर जास्त प्रकारचे तुकडे दाखवता येतात. मोठ्या पाहण्यांमध्ये असं दिसलं आहे की सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ज्यांचे संच वेगवेगळे असतात, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण काहीसं कमी असतं. काहीसं. सिगारेटने जे वाढतं, त्याच्यापुढे हे फार थोडं आहे.

तू एकसष्ट वर्षांचा आहेस आणि बेचाळीस वर्षं ओढतो आहेस. वेळ पुन्हा घे.

तुझा नमुना किटच्या पारखणीतून वगळावा लागला. कारण तांत्रिक आहे. त्याचा तुझ्या छातीशी संबंध नाही.

तुझी भाची


१६ फेब्रुवारी

चि. चिमटाबाईस,

पंचनामा पोचला. सातही कलमं मान्य. फक्त सातव्यात मामीचं नाव साक्षीदार म्हणून घातलंस ते बरं केलं नाहीस, माझा चहा दोन दिवस बिनसाखरेचा झाला.

तू सहा वर्षांची असताना माझ्या तराजू-काटे दुरुस्तीच्या दुकानात यायचीस आणि माझी पितळी वजनं चिमट्याने उचलायचीस. बोटांचा घाम लागला की वजन बदलतं, असं मीच तुला सांगितलं होतं. मोठी माणसं हाताने उचलायची आणि तू त्यांच्याकडे बघायचीस. तेच बघणं तुझ्या पत्रात आहे. मला आवडलं.

आता माझी बाजू. डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगितलं की आमच्या घरचीच शास्त्रज्ञ आहे, तिने आतून तपासून दिलं आहे. ते म्हणाले, मग माझी काय गरज. मी म्हटलं, मीही तेच म्हणतोय. ते हसले नाहीत. त्या लोकांना हसायला वेळ नसतो.

खोकला आहे, पण तो धुळीचा. दुकानदारांचे जुने काटे येतात, त्यांच्या पोटात पंधरा-पंधरा वर्षांचं पीठ असतं. ते मी फुंकर मारून काढतो. पीठ पोटात गेलं तर पुष्टी, छातीत गेलं तर खोकला, एवढंच त्याचं शास्त्र.

आजीला सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तुझं आणि बाबांचं अंगातलं काहीच एकसारखं नव्हतं, म्हणून मी ठणठणीत. ती म्हणाली, "आमचं दोघांचं काही जुळत नाही असं ते जन्मभर म्हणत होते. कुणाच्या तरी उपयोगी पडलं म्हणायचं."

तुझा निकाल आईने एका चिठ्ठीवर लिहून पाठवला होता. ती मी दुकानात परवान्याशेजारी लावली आहे. गिऱ्हाईक विचारतात, हे काय? मी सांगतो, माझ्यावर मारलेला शिक्का.

आणि तांत्रिक कारण म्हणजे काय? मला वगळायला मी काय कमी भरलो?

तुझा मामा


२२ फेब्रुवारी

मामा,

चिठ्ठी काढ. तो शिक्का नाही.

तुझ्याच भाषेत सांगते. एखाद्या दुकानदाराचा काटा चांगल्या पोलादाचा आहे, तर तो न तपासता तू परत देतोस का? आणि त्या चांगल्या पोलादावर कुणी बेचाळीस वर्षं रोज वीस वेळा मिठाचं पाणी ओतलं असेल, तर तू पोलादाचं कौतुक करत बसशील, की आधी काटा उघडून बघशील? आमच्या निकालातून पोलाद कळतं. गंज कळत नाही. गंज स्कॅनमध्ये दिसतो.

पिठाबद्दल: पिठाने खोकला येऊ शकतो. म्हणून खोकला पिठानेच आला आहे असं होत नाही. हे तुला कळतं, म्हणून तू विनोद केलास.

तांत्रिक कारण नमुन्याचं आहे, तुझं नाही. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

वेळ घेतल्यावर तारीख कळव.

तुझी भाची


२८ फेब्रुवारी

चिमटाबाई,

डॉक्टर, वकील आणि काटे पास करणारा सरकारी साहेब, हे तिघे ‘तांत्रिक’ म्हणाले की समजायचं, काहीतरी दडवताहेत. तू चौथी. जे असेल ते लिही. मला झेपेल. चिठ्ठी काढलेली नाही.

मामा


३ मार्च

मामी,

हे पत्र मामाच्या किंवा आजीच्या हाती पडू देऊ नकोस. वाचून झालं की फाडून टाक.

गोष्ट थोडक्यात अशी. मामाच्या नळीचा निकाल आजीच्या निकालाशी कुठेच जुळत नाही. आईचा अर्धा जुळतो, माझा आईशी अर्धा जुळतो. मामाचा काहीच जुळत नाही. भावाबहिणींचं एकमेकांशी काही न जुळणं चारातून एकदा होतं. पण मुलाचा अर्धा भाग आईशी जुळावाच लागतो. मी तपासणी तीन वेळा केली. तिन्ही वेळा तेच आलं.

याचा अर्थ काय होतो तो मी लिहीत नाही. तुझ्या लक्षात येईल.

आजीला विचारू नकोस. मामाचा जन्म कुठे झाला आणि घरात त्याबद्दल कधी काही दबक्या आवाजात बोललं गेलं का, हे तुला माहीत असलं तर तेवढं कळव. माहीत नसलं तर हे पत्र आलंच नाही असं धर. मी तर तसंच ठरवलं आहे.

नियमाप्रमाणे मला हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना दाखवायला हवं होतं, कारण न जुळणं हा किटचा दोष असू शकतो. मी दाखवलं नाही. मामाची नळी वगळली आणि नोंदवहीत ‘नमुना अपुरा’ असं लिहिलं. नमुना पुरेसा होता. त्या वहीत मी पहिल्यांदाच खोटं लिहिलं आहे.

स्कॅनचं तेवढं बघ. ते जास्त महत्त्वाचं आहे.

तुझी भाची


११ मार्च

अगं,

तुझं पत्र वाचून मी आधी खाली बसले, मग हसले, मग हसू थांबल्यावर पुन्हा बसले. पत्र फाडलं नाही. फाडण्यासारखं त्यात काही नाही, कारण ती थुंकी माझी आहे.

कसं झालं ते सांगते. तुझा कागद मीच त्यांना वाचून दाखवला. अर्धा तास आधी काही खाऊ नये, पिऊ नये, ओढू नये. खाणं-पिणं जमलं. पुढच्या ओळीवर गाडी अडली. खुर्चीत बसले, घड्याळाकडे बघत. मी बाल्कनीत कपडे पिळत होते. थोड्या वेळाने काडी ओढल्याचा आवाज आला. मी आत आले तर नळी माझ्यापुढे धरली. म्हणाले, मशीनच पारखायचं आहे ना, मग कुणाची का असेना. मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, तोंडाला कोरड पडली होती. ती नळी भरायला मला वीस मिनिटं लागली आणि हे शेजारी उभं राहून धूर सोडत मला ‘अजून थोडी, अजून थोडी’ म्हणत होते.

निकाल आला तेव्हा मी म्हटलं, पोरीला सांगून टाका. तर म्हणाले, कशाला, हे घरटी एकच येतं. मला काय माहीत? वीजबिल घरटी एक येतं, मला वाटलं हेही तसंच असेल. तुझ्या पत्रातून आता कळतंय की माणसागणिक वेगळं असतं. म्हणजे त्या भिंतीवर लावलंय ते माझं आहे. सव्वीस वर्षांत त्या दुकानाच्या भिंतीवर माझं पहिल्यांदाच काही लागलं.

आजीबद्दल मनात काही आणू नकोस. यांचं नाक बघ आणि आजीचं नाक बघ. त्याला नळी लागत नाही.

पण एक गोष्ट मला सुचत नाहीये ती तुला विचारते. हे हल्ली स्वतःचे रुमाल स्वतः धुतात. सव्वीस वर्षांत एक मोजा पाण्यात घातला नाही त्या माणसाने. मी विचारलं तर म्हणाले, दुकानात शाई लागते. काट्याला कसली आली आहे शाई?

मामी


१५ मार्च

मामा,

१९ जानेवारीचा निकाल तुझा नाही, मामीचा आहे. हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आज सकाळी मी प्रमुखांकडे गेले आणि नोंदवहीतल्या खोट्या ओळीबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी नळीवर संशय घ्यायचा असतो, मग किटवर. घरच्या माणसांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तू उलट्या टोकाने सुरुवात केलीस." ती ओळ मी त्यांच्यासमोर खोडली, खरं कारण लिहिलं आणि तारीख घालून सही केली. महिनाभर माझ्या प्रत्येक निकालावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल. हे योग्य आहे.

मी कोणत्या टोकाने सुरुवात केली, ते मामीला विचार.

काटा तपासताना तू वजनाला बोट लावत नाहीस. आणि स्वतःच्या जागी दुसरं माणूस उभं करून पास होतोस. यावर मला विनोद नको आहे.

एकच प्रश्न विचारते, एका शब्दात उत्तर दे. रुमालाला लागते ती शाई कोणत्या रंगाची?

तुझी भाची


२४ मार्च

चि. चिमटाबाईस,

लाल.

दोनदा. पहिल्यांदा जानेवारीच्या दहा तारखेला, दुसऱ्यांदा तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी. फार नाही. थेंब म्हणावा इतकंच.

आता तू हिशेब लावशील, म्हणून मीच लावतो. दहाला रुमाल लाल झाला. एकोणीसला तुझा निकाल आला. मधले नऊ दिवस मी दुकानात बसून काटे उघडत होतो आणि बंद करत होतो, एकही दुरुस्त केला नाही. तशात तुझ्या आईचा फोन आला की तुला काही होत नाही. माझं नाव घेऊन म्हणाली. निकाल माझा नाही हे मला माहीत होतं. पण सांगणारी इतक्या खात्रीने सांगत होती, की मला वाटलं, आपल्यापेक्षा हिला जास्त कळत असेल. आठ दिवसांत मी स्वतःच ते खरं मानायला लागलो. चिठ्ठी भिंतीवर लावल्यावर तर शंकाच उरली नाही. लिहिलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास, तुला ठाऊक आहे.

मामीने तुझं तिसऱ्या तारखेचं पत्र दाखवलं. म्हणजे दीड-दोन महिने मी तुझ्या लेखी या घरचा नव्हतो. आणि तू मला ‘मामा’ लिहीत होतीस, वर ‘तुझी भाची’ अशी सही करत होतीस. मायन्यात तू आणखी एक खोटं लिहीत होतीस म्हणायचं. हा विनोद आहे. तू नको म्हणालीस, तरी केला.

त्या दिवशी नळीसाठी मी सतरा मिनिटं थांबलो होतो. समोर घड्याळ होतं. मला वाटलं होतं, अर्धा तास म्हणजे काय मोठंसं. सतराव्या मिनिटाला हात आपोआप खिशात गेला. तेव्हा मी घाबरलो. रुमालाला घाबरलो त्याच्याहून जास्त. म्हणून मामीला बोलावलं.

आता ऐक. सोबतच्या डब्यात नळी आहे. ही माझी आहे. एकतीस मिनिटं थांबून भरली. मामी समोर बसली होती, तिने झाकणावर सही केली आहे, आजीनेही तिच्याशेजारी अंगठा उठवून दिला, तिला लिहिता येत असूनही. म्हणाली, असल्या कामाला अंगठाच बरा दिसतो. याचा निकाल आधी काढ. मामीचं चांगलं निघालं तर माझं वाईट निघणार असं मला आतून वाटतंय, एका घरात दोघांनाही चांगलं कुठून मिळणार. तुझा निकाल चांगला आला तर घाई करायचं कारण नाही. वाईट आला तर डॉक्टरांना उगाच त्रास कशाला द्यायचा. तू सांगशील तसं करतो.

मामा


२९ मार्च

मामा,

तुझी नळी मिळाली. माझ्या टेबलावर आहे. मी ती उघडलेली नाही आणि उघडणार नाही.

तुझ्या पत्रातली शेवटची चार वाक्यं पुन्हा वाच. निकाल चांगला आला तर तू जाणार नाहीस. वाईट आला तरी जाणार नाहीस. वजन कोणतंही ठेवलं तरी काटा एकाच बाजूला झुकत असेल, तर तू दुकानदाराला काय सांगतोस ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. असा काटा तू वजनं बदलून बघत बसत नाहीस.

तुझे संच वेगवेगळे असतील किंवा सारखे असतील. सारखे असले तर धोका काहीसा जास्त, वेगळे असले तर काहीसा कमी. लाल रुमालाला यातल्या कशानेही फरक पडत नाही. रक्त पडल्यावर स्कॅन ही नुसती वयानुसार करायची तपासणी राहत नाही, तो आजारी माणसाने डॉक्टरकडे जाण्याचा विषय होतो. रक्त पडण्याची कारणं अनेक असतात. काही साधी असतात, काही नसतात. कोणतं आहे ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तुझं म्हणणं, मला जास्त कळतं. या बाबतीत मला तुझ्याइतकंच कळतं, म्हणजे काहीच नाही.

माझी चूकही लिहून ठेवते. मी ‘जरा बरं’ हे दोन शब्द फोनवर बोलले. ते बोलायची गरज नव्हती. तू ओढतोस हे मला माहीत होतं आणि मला काहीतरी बरं सांगायचं होतं. तुझे नऊ दिवस काटे उघडण्यात आणि बंद करण्यात गेले, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी तोंड उघडलं नसतं, किंवा सरळ गाडीत बसून आले असते.

मायन्याबद्दल. मी १९ जानेवारीपासून ११ मार्चच्या पत्रापर्यंत असं समजत होते की तू आजीचा मुलगा नाहीस. त्या काळात मी तुला तीन पत्रं लिहायला घेतली आणि दोन पाठवली. तिन्हींवर ‘मामा’ लिहिलं. तेव्हा ते खोटं वाटलं नव्हतं. पारखून बघावं असंही वाटलं नाही. याहून जास्त लिहीत नाही.

तू एकतीस मिनिटं थांबलास. सतरापेक्षा चौदा जास्त. स्कॅनच्या खोलीत तुला जेमतेम दहा मिनिटं राहावं लागेल.

मी काल तुझ्या डॉक्टरांशी बोलले. रुमालाचं सांगितलं. त्यांनी ९ एप्रिल, सकाळी साडेदहाची वेळ दिली आहे. आधी ते तुला तपासतील, मग लगेच स्कॅन. तिथे एक फॉर्म भरावा लागतो: किती वर्षं, रोज किती, रक्त पडलं का. तो तू स्वतः भरायचा आहे. मामी येते म्हणाली आहे, पण फॉर्मला हात लावणार नाही असंही म्हणाली आहे. मी आठ तारखेला संध्याकाळी पोचते. चार दिवसांची रजा मंजूर झाली आहे.

डॉक्टर ही वेळ सहा तारखेपर्यंतच राखून ठेवतील. तू येणार की नाही, ते मला चार एप्रिलपर्यंत कळव.

तुझी भाची